मोबाईलमधला दुसरा आरसा

मूल दीड-दोन वर्षांचे झाले की आरशातले तोंड आपलेच आहे हे त्याला उमगते. 'मी कसा आहे' हे ठरायला मात्र बरीच वर्षे लागतात. आईवडील, गुरुजी, सवंगडी आपल्याशी कसे वागतात यावरून मूल स्वतःविषयी मत बनवीत असते. वयात येताना हे मत फार नाजूक असते, आणि नेमक्या याच वयात मोबाईलवरचे व्हिडिओ मुलांचा दुसरा आरसा झाले आहेत.

पडद्याचा हा परिणाम नवा नाही. पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवर भरलेले अंग चांगले मानले जाई. तेथील एका भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकन संशोधक डॉक्टरांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरात ११ निघाल्या.

टीव्हीवर सर्वांना एकच कार्यक्रम दिसे. मोबाईलमध्ये मूल कशावर रेंगाळते याची नोंद होते आणि तसेच व्हिडिओ पुढे येत राहतात. गोरेपणाचा एक पाहिला की पाठोपाठ आणखी येतात. त्यातले कित्येक चेहरे फिल्टरने गुळगुळीत केलेले असतात. मुलाला वाटते, सगळे असेच आहेत, मीच तेवढा कमी.

दवाखान्यात आठवी-नववीच्या मुली रंग उजळण्याचे मलम मागतात. काहींनी ते आधीच लावलेले असते. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे कातडी पातळ व लाल होते, पुटकुळ्या येतात, लव वाढते. मुलगे दंड फुगवणाऱ्या पावडरीची चौकशी करतात. दुखणे कातडीत किंवा दंडात नसते, स्वतःविषयीच्या मतात असते.

मग पालकांनी काय करावे? दोन वर्षांखालील मुलाला मोबाईल दाखवू नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सगळे पडदे मिळून दिवसाला एक तास पुरे. मोठ्या मुलांच्या हातून मोबाईल हिसकावण्यापेक्षा शेजारी बसून पाहावे आणि विचारावे, 'हा माणूस आपल्याला काय विकतो आहे?' पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. रात्री मोबाईल मुलांच्या उशाशी नसावा. आणि घरात 'काळू', 'जाड्या' अशा हाका मारू नयेत. घरातल्या थट्टेने झालेल्या जखमेवरच व्हिडिओ मीठ चोळतात.

मूल जेवण टाळू लागले, जेवून उलटी काढू लागले, किंवा चेहरा लपवून शाळा बुडवू लागले तर हट्ट समजून रागावू नका, डॉक्टरांना दाखवा. दुकानातून परस्पर मलम आणू नका. आधीपासून लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडचे मलम एकदम थांबवल्यास चेहऱ्याची आग होऊ शकते.