तहसील कचेरीच्या आवारातला जवान

मुंबई-गोवा महामार्गावरचं माणगाव अनेकांना आठवतं ते वाहतुकीच्या कोंडीमुळे. इथल्या तहसील कचेरीच्या आवारात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. सातबारा, दाखल्यांची कामं घेऊन आलेल्यांनी इथे घटकाभर थांबावं.

घाडगे याच तालुक्यातल्या पळसगाव-आमडोशीचे. जन्म 16 नोव्हेंबर 1921. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनबरोबर ते इटलीत पोचले. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने मशिनगन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस वर्षं, आठ महिने पुरे व्हायचे होते.

हा तपशील मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसच्या राजपत्रातला, नोव्हेंबर 1944चा. त्या काही मिनिटांची ओळन्‌ओळ नोंद झाली. आधीच्या बावीस वर्षांबद्दल मात्र राजपत्र गप्प आहे. ती शोधायची तर घरातल्या वडीलधाऱ्यांकडे, गावच्या दप्तराकडेच वळावं लागतं.

आपल्या घरातला जवान शोधणाऱ्यांची पहिली ठेच स्पेलिंगला लागते. राजपत्रात नाव 'येशवंत' असं उमटलंय. 'यशवंत' लिहून शोधलं तर निसटू शकतं. जिल्ह्याचंही तसंच. रायगड हे नाव 1981चं, तेव्हाच्या कागदांत कुलाबा असणार. म्हणून जुन्या ट्रंकेत पेन्शनचं पुस्तक, पदक, पत्राचं पाकीट सापडलं, तर त्यावरचा लष्करी क्रमांक आधी टिपून घ्यावा. मराठा रेजिमेंटचं अभिलेख कार्यालय बेळगावात आहे. तिथे विचारणा करताना हा क्रमांक नावापेक्षा भरवशाचा.

घाडग्यांची समाधी कुठेच नाही. इटलीतल्या कॅसिनो स्मारकाच्या संगमरवरावर, थडगं न सापडलेल्या चार हजारांवर सैनिकांमध्ये त्यांचं नाव कोरलंय. आणि 2023 मध्ये मोंतोने या उंब्रियातल्या डोंगरावरच्या गावाने त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. ते लढले ती जमीन याच परिसरातली.