समजूतदार मुलाचाही एखादा दिवस वाईट जातो

भावंडांपैकी एकाला आवाज, स्पर्श, उजेड सोसत नसेल तर घरातल्या सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे लागते. मग दुसऱ्याचे काय? एका अमेरिकन चित्रपुस्तकात हा प्रश्न दुसऱ्या भावंडाच्याच तोंडून आला आहे.

शाळेत कुंपणाला लाथ मारली म्हणून सॅमीने बोलणी खाल्ली. दुपारी जेवायला गेला तर पिझ्झा संपलेला. घरी चालत येताना मुसळधार पाऊस. अशा वेळी दारात पाऊल टाकताच आईने टॉवेल घेऊन पुढे यावे, 'काय झालं रे?' म्हणून विचारावे, एवढीच कोणाही मुलाची अपेक्षा असते. पण घरात धाकट्या भावाचा, बेंजीचाही दिवस बिघडलेला आहे. बेंजी ऑटिस्टिक, म्हणजे मराठीत आपण ज्याला स्वमग्न म्हणतो तसा मुलगा. त्याच्यासाठी घरात एक खास खोके ठेवलेले आहे. सगळे असह्य झाले की तो त्यात शिरून बसतो, तिथे त्याला उबदार आणि सुरक्षित वाटते. सॅमीला मात्र लपायला असे खोके नाही. आपल्याला काय होते आहे याच्याशी कोणालाच देणेघेणे नाही, अशी त्याची खात्री पटते.

पुस्तकाचे नाव 'बेंजी, द बॅड डे अँड मी'. लेखिका सॅली जे. प्ला, चित्रे केन मिन यांची. न्यूयॉर्कच्या ली अँड लो या प्रकाशनाने ते २०१८ साली काढले. प्ला स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि वेगवेगळ्या स्वभावाच्या मुलग्यांना वाढवताना आलेले अनुभव त्यांनी या गोष्टीत उतरवले आहेत. पुस्तकाच्या नावातच बरेच काही आले आहे. आधी बेंजी, मग वाईट दिवस आणि अगदी शेवटी 'मी'. गोष्ट सांगणारा सॅमी स्वतःच्या गोष्टीतही रांगेच्या टोकाला उभा आहे.

पोळीची सुरळी

सॅमीचे बिनसले आहे हे शेवटी कोणाच्या लक्षात येते? आईच्या नव्हे, बेंजीच्या! तो मोठ्या भावाला पांघरुणात घट्ट गुंडाळतो. मेक्सिकन लोकांच्या बरिटोसारखा, म्हणजे आपल्याकडे तूप-साखर घालून पोळीची सुरळी करतात ना, तसा. ज्या गोष्टीने स्वतःला बरे वाटते तीच तो भावाला देऊ करतो.

'स्वमग्न' हा शब्द आता रुळला आहे, तो बदलणे सोपे नाही. पण त्या शब्दाने मनात एक चित्र उभे राहते: हे मूल आपल्यातच बुडालेले, त्याला दुसऱ्याचे काय! पुस्तकातल्या बेंजीने हे चित्र पुसून टाकले आहे. त्याला भावाचे दुःख दिसते. फक्त ते विचारण्याची त्याची पद्धत वेगळी आहे. 'काय झालं?' असे तो विचारत नाही, पांघरूण घेऊन येतो.

पांघरुणच का, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपण पाच ज्ञानेंद्रिये म्हणतो, पण शरीराला तोल सांभाळण्याची आणि हात-पाय कुठे आहेत, त्यांवर किती जोर पडतो आहे हे कळण्याची जाणही असते. या सगळ्या संवेदनांची मेंदूत नीट लावालावी झाली तरच माणूस शांतपणे काही करू शकतो, असा विचार कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट डॉ. ए. जीन एअर्स यांनी मांडला. त्यांचे या विषयावरचे पहिले मोठे पुस्तक १९७२ साली आले. काही मुलांमध्ये ही लावालावी वेगळ्या तऱ्हेने होते. कोणाला कुकरची शिटी कानात सुई टोचल्यासारखी वाटते, कोणाला सदऱ्याच्या मानेशी शिवलेली पट्टी सोसत नाही, कोणी पोह्यांतली कोथिंबीर जिभेला लागली की ताट लोटून देते. उलट काही मुलांना संवेदना पुरतच नाहीत. ती झोपाळ्यावरून उतरत नाहीत, सोफ्यावरून उड्या मारतात, कॉलर चावून चावून ओली करतात. एकाच मुलात दोन्ही प्रकार सापडतात, हे तर आईबापांना आणखीच कोड्यात टाकते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली. तिच्यात संवेदनांना असा जास्त किंवा कमी प्रतिसाद देणे हे ऑटिझमच्या लक्षणांत धरले गेले. अर्थात, पट्टी टोचते म्हणणारे प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसते, हे लक्षात ठेवायला हवे.

हलक्या, अचानक स्पर्शाने दचकणाऱ्या अनेकांना घट्ट, एकसारखा दाब मात्र आवडतो. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन बाईंची हकीकत प्रसिद्ध आहे. त्या स्वतः ऑटिस्टिक. अॅरिझोनात मावशीच्या गुरांच्या रँचवर असताना त्यांनी पाहिले की लस टोचण्यासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पिंजऱ्यात उभे केले की काही गुरे शांत होतात. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसेच दाब देणारे यंत्र बनवले. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. आपल्याकडे एवढे लांब जायला नको. बाळंतिणीच्या खोलीत तान्ह्याला दुपट्यात घट्ट गुंडाळणाऱ्या आजीला हे केव्हाचे ठाऊक आहे! जुन्या लुगड्यांची जड गोधडी अंगावर घेतल्याशिवाय झोप न येणारी माणसेही आपल्या घरांत कमी नाहीत.

मात्र याचा बाऊ करून बाजारातले महागडे वजनदार ब्लँकेट लगेच विकत आणू नये. इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक मुलांवर त्याची चाचणी झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांची झोप साध्या पांघरुणापेक्षा वाढली नाही, असे दिसले. गंमत अशी की मुलांना आणि त्यांच्या आईबापांना ते ब्लँकेट आवडले होते! म्हणजे औषध म्हणून नव्हे, सुख म्हणून त्याकडे पाहावे. अगदी लहान बाळावर असे जड काही घालायचे नाही, तोंड झाकायचे नाही आणि मुलाला स्वतःहून बाहेर पडता आले पाहिजे. त्याच्या मनाविरुद्ध गुंडाळले तर ती शिक्षाच होईल.

'तू तर शहाणा आहेस ना?'

आता सॅमीकडे वळू, कारण पुस्तक त्याचे आहे. ज्या घरात एका मुलाला जास्त सांभाळावे लागते, तिथे दुसरे मूल फार लवकर शहाणे होते. टीव्हीचा आवाज ते स्वतःहून कमी करते. वाढदिवसाला फुगे नकोत म्हणते, कारण फुगा फुटला की धाकटा कानांवर हात ठेवून किंचाळेल. दिवाळीत फटाके नाहीत, लग्नाला गेले तर बँड सुरू होण्याआधी निघायचे, मामाच्या गावची जत्रा नाही. पाहुणे कौतुक करतात, 'किती समजूतदार आहे हो तुमचा मोठा!' मोठी मुलगी असेल तर तिला दुसरी आईच म्हणून टाकतात. या कौतुकाचे ओझे किती असते, हे त्या मुलालाच ठाऊक. एकदा समजूतदार ठरले की रुसायची सोय उरत नाही.

अशा मुलांच्या मनात एकाच वेळी अनेक गोष्टी असतात. भावावर माया असते. त्याचा राग येतो, शाळेतल्या मित्रांसमोर त्याची लाजही वाटते, आणि मग लाज वाटली म्हणून स्वतःचाच राग येतो. अमेरिकेत डॉन मेयर यांनी १९८२ साली सिअॅटल येथे अशा भावंडांसाठीच मेळावे सुरू केले. त्यांना 'सिबशॉप' म्हणतात. तिथे व्याख्याने कमी आणि खेळ, खाणे, गप्पा जास्त. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढे कळले तरी मुले मोकळी होतात. मेयर यांनी पुढे १९९७ मध्ये अशा मुलांचेच लेख एकत्र करून पुस्तकही काढले.

हे झाले तिकडचे. आपल्याकडे ऑटिझमची दखल कायद्याने घेतली ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत त्याचा समावेश आहे. ऑक्युपेशनल थेरपी तर मुंबईला नवी नाही. आशियातली या विषयाची पहिली शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये के.ई.एम. रुग्णालयात सुरू केली. कमलाबाई मूळच्या अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. आज मोठ्या शहरांत थेरपिस्ट भेटतात, मुलाच्या उपचारांचे वेळापत्रकही फ्रीजवर लावलेले असते. भावंडाच्या नावाने त्या वेळापत्रकात एक तासही सहसा नसतो.

पुस्तक वाचायचे कसे?

पुस्तक इंग्रजीत आहे म्हणून अडायचे कारण नाही. चित्रे समोर ठेवून गोष्ट आपल्या बोलीत सांगावी. इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळूरला, घरात जी मराठी बोलता तीच चांगली. पहिल्यांदा वाचताना शक्यतो फक्त मोठ्या भावंडाला जवळ घ्यावे, तेही धाकटा झोपल्यावर. लगेच 'पाहिलंस, सॅमी कसा समजून घेतो!' असे म्हणालात तर सगळे मुसळ केरात. सॅमी चिडलेला आहे, त्याला तसाच चिडलेला राहू द्यावा. 'तुलाही असं कधी वाटतं का?' असे एकदा विचारून गप्प बसावे. उत्तर आठ दिवसांनी, शाळेची चप्पल घालता घालता येईल. आले नाही तरी चालेल.

धाकट्याला गोष्ट वाचून दाखवताना वेगळी गंमत होते. त्याला बेंजीचे खोके आवडेल आणि तसेच हवे म्हणेल. फ्रीजचा किंवा वॉशिंग मशीनचा पुठ्ठ्याचा खोका मिळाला तर काम झाले. दोन खोल्यांच्या घरात जागा नसेल तर पलंगाखालची किंवा कपाट आणि भिंत यांच्यातली फट पडदा लावून होते, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकली तरी होते. नियम एकच. आत असलेल्याला कोणी ओढून बाहेर काढायचे नाही, आत पाठवण्याची शिक्षाही करायची नाही.

पुस्तकाबद्दल एक तक्रार मात्र आहे. सॅमीची समजूत शेवटी धाकटा भाऊच घालतो. गोष्ट म्हणून हे सुंदर आहे, डोळे पाणावतात. पण खऱ्या घरात हे काम चार-पाच वर्षांच्या मुलावर सोपवता येत नाही. बेंजीला त्या दिवशी सुचले; दुसऱ्या दिवशी तो स्वतःच खोक्यात असेल. आईबापांपैकी एकाने तरी, आठवड्यातला एक ठरलेला वेळ मोठ्याचा म्हणून राखून ठेवला पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. बाजारात भाजी आणायला त्याला एकट्याला बरोबर न्यावे, येताना उसाचा रस प्यावा. फक्त त्या अर्ध्या तासात धाकट्याचा विषय आपण काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचा.

आणि एखाद्या संध्याकाळी तो दप्तर फेकून, दार आपटून आत गेला, तर 'हळू! बाळ घाबरेल ना' हे वाक्य ओठांवर येण्याआधी टॉवेल घेऊन त्याच्याकडे जावे.