तारेचा वेग आणि पानाचे वजन

कोलकात्यात हाजरा मार्गावर महाराष्ट्र निवास नावाची वास्तू आहे. नोकरीच्या निमित्ताने वंगभूमीत येऊन राहिलेली आम्हा मराठी माणसांची मंडळी सणासुदीला तेथे जमतात. अशा ठिकाणी हवा, राजकारण आणि मासळीचे भाव हे गप्पांचे ठरलेले विषय. अलीकडे त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. "इंटरनेट फार मंद चालते हो!" ही ती तक्रार. त्यावर कोणी म्हणतो, कंपनी बदला. कोणी म्हणतो, फोन बदला. कोणी जास्त पैसे भरण्याचा सल्ला देतो. या तिन्ही मतांत थोडेफार तथ्य आहे. परंतु मंदपणाचे एक चौथेही कारण आहे. ते आपल्या घरात नसते, तारेतही नसते. ते पान तयार करणाऱ्याच्या टेबलावर असते. त्या चौथ्या कारणाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

विजेच्या साहाय्याने संदेश धाडण्याची आपल्या देशातील कहाणी याच शहरात सुरू झाली. १८३९ साली विल्यम ओ'शॉनेसी नावाच्या डॉक्टरने कलकत्त्यानजीक तारायंत्राचे प्रयोग केले, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार वापरात आली. पुढे तारखात्याचा सर्वसामान्य नियम असा झाला की, शब्दागणिक पैसे मोजावयाचे, आणि ते पाठविणाऱ्याने मोजावयाचे. साहजिकच तार लिहिणारा मनुष्य लेखणी उचलण्यापूर्वी विचार करी. शुभेच्छांच्या तारांसाठी तर खात्याने ठराविक वाक्यांना क्रमांकच दिले होते. आपण क्रमांक लिहावा आणि पलीकडच्या कचेरीने आपल्याजवळच्या यादीत पाहून सबंध वाक्य उतरवून द्यावे! थोड्या खुणांत मोठा मजकूर धाडण्याची संगणकशास्त्रातली युक्ती ती हीच. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

त्यापूर्वीच नवे युग अवतरले होते. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीस केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. देशातील मोबाइल फोनवरचे हे पहिले संभाषण मानले जाते. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, विदेश संचार निगमाने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. प्रारंभीच्या शहरांत कलकत्ता होतेच. टेलिफोनच्या तारेवरून मिळणारा तेव्हाचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, म्हणजे सुमारे बाराशे बाइट, इतका होता.

बाराशे बाइट म्हणजे किती? संगणकाच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. मी आपणांपुढे वाचीत असलेले हे सारे भाषण टंकित केले, तर ते सोळा हजार बाइटांच्या आसपास भरेल. १९९५ सालच्या त्या मंद तारेवरून ते तेरा-चौदा सेकंदांत येऊन पोहोचले असते.

त्यानंतर तारेचा वेग वाढत गेला. ब्रॉडबँड कशास म्हणावे याची सरकारी किमान मर्यादा २००४ साली २५६ किलोबिट होती. २०१३ साली ती ५१२ झाली आणि २०२३ साली दोन मेगाबिटांवर नेण्यात आली. मधल्या काळात, एप्रिल २०१२ मध्ये, देशातील पहिली फोर-जी सेवा कोलकात्यातच सुरू झाली. म्हणजे १९९५ सालच्या तारेहून आजची किमान मर्यादाही दोनशे पटींनी अधिक आहे. मग आपली प्रतीक्षा दोनशे पटींनी कमी व्हावयास हवी होती. ती झाली काय?

आज एखाद्या संकेतस्थळाचे पान दोन मेगाबाइटांचे असणे ही सामान्य गोष्ट आहे. दोन मेगाबिटांच्या तारेवरून ते येण्यास आठ सेकंद लागतात. तेव्हा तेरा सेकंदांत एक सबंध भाषण येत होते. आता आठ सेकंदांत पुष्कळदा एक सूचना, दोन चित्रे आणि चार जाहिराती येतात. तेच पान १९९५ सालच्या तारेवर उतरावयास जवळजवळ अर्धा तास लागला असता. तारेने जे कमावले, ते पानाने खर्चून टाकले.

ही गोष्ट जाणत्यांनी वेळीच सांगितली होती. पास्कल या संगणकभाषेचे जनक, स्विस शास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी त्याच १९९५ साली सडपातळ सॉफ्टवेअरची कैफियत मांडणारा एक लेख लिहिला. त्याचे सार असे की, यंत्रे जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून अधिक झपाट्याने सॉफ्टवेअर मंद होत जाते. हा विचार त्यांनी मार्टिन रायझर या सहकाऱ्याच्या नावे नोंदविला. परंतु लोकांनी त्यास 'विर्थ यांचा नियम' असेच नाव दिले.

पान जड का होते? बोटभर जागेत दाखवावयाचे छायाचित्र भिंतीवर टांगण्याच्या आकाराचे धाडले जाते. एका बटणासाठी तयार आज्ञावलींचे सबंध गाठोडे जोडले जाते. वाचक कोठे थांबला, कोठे गेला याची टिपणे ठेवणाऱ्या आज्ञावली निराळ्याच. शिवाय अशी प्रत्येक वस्तू मागविण्यास निरोप जावा-यावा लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. कोलकाता ते मुंबई सरळ रेषेत जाऊन येण्यास त्याला सेकंदाचा साठावा भाग तरी लागतोच. असे निरोप एकामागून एक पाठवावे लागले की विलंब साचत जातो. १९९२ साली विद्यासागर सेतू झाला आणि हावड्याच्या पुलावरचा भार विभागला गेला. पण म्हणून हुगळीचे पात्र अरुंद झाले नाही. तार रुंद केल्याने अंतर कमी होत नाही, ते असे.

सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये नव्या संगणकावर, उत्तम तारेवर पान तपासणाऱ्या तरुणास यातले काहीच जाणवत नाही. पण सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पान मागविणारे आम्ही असतो. पूर्वी एका खात्यात असताना शिष्यवृत्तीच्या अर्जाचे पान मंजूर करण्याचे काम माझ्याकडे आले होते. समारंभाचे मोठे छायाचित्र अग्रभागी असावे, असा आग्रह मीच धरला. पुढे सुंदरबनाकडच्या एक शिक्षिका भेटावयास आल्या. गावात फोन लागत नाही, म्हणून त्या मुलींना नदीच्या बांधावर नेऊन अर्ज भरवीत. दहा मिनिटांत अर्ज पुरा न झाल्यास यंत्र अर्जदाराला बाहेर काढी, आणि त्यांच्या क्षीण लहरींवर पाच-सहा मिनिटे तर ते छायाचित्र उतरण्यातच जात. त्या वर्षी दोन मुलींचे अर्ज राहिले. बाईंनी रागाचा एक शब्दही काढला नाही. "साहेब, तो फोटो तेथे कशासाठी आहे?" एवढेच त्यांनी विचारले. मला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी छायाचित्र काढले. अर्धा भरलेला अर्ज राखून ठेवण्याची सोय करविली, आणि कोणतेही पान मंजुरीस येण्यापूर्वी स्वस्तातल्या जुन्या फोनवर, कोलकात्याबाहेर उघडून पाहावे, असा दंडक घातला. यांपैकी कशासाठीही नवी तार टाकावी लागली नाही. त्या दोघी मुलींचे ते वर्ष मात्र परत आले नाही.

तारेच्या काळी लांबणीचा भुर्दंड लिहिणाऱ्यास पडत असे, म्हणून तो शब्द जपून वापरी. इंटरनेटवरील पानाचा भुर्दंड वाचणाऱ्यास पडतो. पैशाच्या रूपाने आणि वेळेच्याही. खर्च नाहीसा झालेला नाही, तो एका खिशातून दुसऱ्या खिशात गेला आहे. आणि तो दुसरा खिसा बहुधा अधिक रिकामा असतो. यापुढे पान उघडावयास वेळ लागला, तर तारेला अवश्य दोष द्यावा. परंतु या पानात इतके ओझे कोणी आणि कोणासाठी भरले, हेही एकदा विचारावे. माझ्यासारख्या पाने मंजूर करणाऱ्यांनी तर ते सहीपूर्वीच विचारावयास हवे.