हॅरी पॉटर आणि चार दिग्दर्शक

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास वसतिगृहाची वीज गेली आणि आमच्या खोलीत वादाला तोंड फुटले. विषय परीक्षेचा नव्हता, मेसच्या आमटीचा नव्हता, निवडणुकीचाही नव्हता. हॅरी पॉटरच्या सात पुस्तकांवर नव्याने मालिका काढण्याची घोषणा एप्रिल २०२३ मध्ये झाली, तेव्हापासून आमच्या मजल्यावर एकच प्रश्न धुमसत होता : जुन्या चार दिग्दर्शकांपैकी खरा दिग्दर्शक कोण, आणि नव्याने कोणाच्या हाती हे काम द्यावे? वीज साडेदहाला आली. वाद मात्र मिटला नाही. माझा रूम-पार्टनर आणि मी त्यानंतर आठ दिवस एकमेकांशी फक्त किल्लीपुरते बोलत होतो.

सुज्ञ वाचक हसतील. एका जादूगार पोराच्या चित्रपटावरून दोन कळत्या मुलांनी अबोला धरावा, यात हसण्यासारखे आहेच. परंतु पुढे विचार करता मला वाटू लागले की या भांडणात मुळीच पोरकट नसलेले काहीतरी दडलेले आहे. ते काय, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

प्रथम थोडा इतिहास. जे. के. रोलिंग यांचे पहिले पुस्तक इंग्लंडमध्ये १९९७ साली निघाले. मराठीत ते 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने आले, आणि मी ते आमच्या गावच्या वाचनालयात, पाठपुठ्ठा सुटलेल्या अवस्थेत वाचले. चित्रपट करायचे ठरले तेव्हा आधी नाव पुढे आले स्टीव्हन स्पिलबर्ग यांचे. त्यांच्या मनात ॲनिमेशनपटाची कल्पना होती असे सांगितले जाते. २००० च्या आरंभी ते बाजूला झाले. दुसरे नाव टेरी गिलियम यांचे. 'टाइम बँडिट्स' (१९८१) आणि 'ब्राझील' (१९८५) या चमत्कारिक चित्रपटांचे हे कर्ते. लेखिकेची पसंती आपल्यालाच होती, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. पण काम मिळाले ते 'होम अलोन' (१९९०) आणि 'मिसेस डाउटफायर' (१९९३) करणाऱ्या ख्रिस कोलंबस यांना. मुलीच्या आग्रहाखातर त्यांनी ही पुस्तके वाचली होती.

तेव्हापासून चाहत्यांत तीन पक्ष आहेत, आणि आमच्या खोलीतही त्या रात्री हेच तीन पक्ष हजर होते.

पहिला पक्ष निष्ठावंतांचा. पुस्तकात आहे ते पडद्यावर आलेच पाहिजे, दिग्दर्शकाने आपली अक्कल चालवू नये, हे यांचे म्हणणे. यांना कोलंबस प्रिय.

दुसरा पक्ष मातीचा. गोष्ट इंग्लंडच्या शाळेची, तिथल्या धुक्याची आणि वसतिगृहाची; ती परक्याने का सांगावी? या शंकेला आधार होता. अमेरिकेत पहिल्या पुस्तकाचे नावच बदलून छापले गेले होते. कलाकार ब्रिटिशच हवेत हा रोलिंगबाईंचा आग्रह होता व तो पाळला गेला, पण पहिला ब्रिटिश दिग्दर्शक यायला चौथा चित्रपट उजाडावा लागला. ते माइक न्यूएल (२००५).

तिसरा पक्ष प्रतिभेचा. चित्रपट ही स्वतंत्र कला आहे, तेव्हा स्वतःची नजर असलेला माणूस हवा, मग तो कुठलाही असो. यांचे दैवत म्हणजे तिसरा चित्रपट (२००४) करणारे मेक्सिकोचे अल्फोन्सो कुआरॉन. मौज अशी की काम समोर आले तेव्हा कुआरॉन यांनी पुस्तकेच वाचली नव्हती. त्यांचे मित्र गिलेर्मो देल तोरो यांनी खडसावले म्हणून त्यांनी ती वाचली. नंतर त्यांनी तिन्ही बाल-नटांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला. एमा वॉटसनने पानेच्या पाने लिहिली, डॅनियल रॅडक्लिफने एक पान लिहिले आणि रुपर्ट ग्रिंटने काहीच दिले नाही. तिघांनीही आपापल्या पात्राला साजेसेच वागून दाखवले! आमच्या निबंधाच्या वहीकडे पाहिले तर आम्ही बहुतेक सगळे रुपर्टच्या पंगतीतले.

पाचव्यापासून शेवटपर्यंतचे चार चित्रपट (२००७ ते २०११) डेव्हिड येट्स यांनी केले. म्हणजे एक कथा, तीच मुले, एक चित्रपट वगळता पटकथाकारही तेच स्टीव्ह क्लोव्हज, आणि दिग्दर्शक मात्र चार. दिग्दर्शक नेमके काय करतो हे समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग कुणी मुद्दाम आखला असता तरी साधला नसता.

आता निष्ठावंतांचा मुद्दा आकड्यांवर घासून पाहू. पहिले पुस्तक मूळ इंग्रजी आवृत्तीत २२३ पानांचे. चित्रपट १५२ मिनिटांचा. पानामागे सुमारे ४१ सेकंद मिळाले. पाचवे पुस्तक ७६६ पानांचे. चित्रपट १३८ मिनिटांचा. पानामागे जेमतेम ११ सेकंद! कोलंबस यांची निष्ठा खरी, पण तिला पुस्तकाच्या बेताच्या आकाराचीही साथ होती. मोठ्या पुस्तकांच्या वेळी गाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. तेव्हा 'सगळे दाखवा' ही मागणीच फोल ठरते. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, एवढाच प्रश्न उरतो.

हे गणित माझ्या रूम-पार्टनरने मला त्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात मांडून दाखवले होते. गणितात चूक नव्हती. तरी मी चिडलो. त्याचे कारण मी त्याला सांगितले नाही. ते इथे सांगतो.

तिसरे पुस्तक मी नववीत असताना वाचले. त्याच वर्षी माझे वडील गेले. त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. तळ्याकाठी हॅरीच्या जिवावर बेतलेले असताना पलीकडच्या तीरावरून एक शिंगाळे हरीण, नुसत्या प्रकाशाचे, धावत येते आणि त्याला वाचवते. ते कुणी पाठवले? हॅरीला वाटते, आपल्या मेलेल्या वडिलांनी. नंतर त्याला कळते की ते त्याने स्वतःच पाठवले होते. पण हरीणच का? कारण त्याचे वडील हरणाचे रूप घेऊ शकत. शाळेतल्या त्या चमत्कारिक नकाशावर ज्या चार मित्रांची टोपणनावे आहेत, त्यांतले एक त्यांचेच. म्हणजे वडील आले नव्हते, आणि एका अर्थाने आलेही होते. हे पान मी वाचनालयात किती वेळा वाचले ते मोजलेले नाही.

कुआरॉन यांच्या चित्रपटात नकाशा आहे, तळे आहे, हरीणही दिसते. पण ती चार नावे कुणाची हे कुणी सांगत नाही, आणि वडिलांचा व हरणाचा संबंधही उलगडत नाही. दोन-तीन वाक्यांचे काम होते. मी एकदम तावातावाने म्हणालो, "अरे, त्या माणसाने पुस्तकाचा जीवच काढून घेतला!" रूम-पार्टनर म्हणाला, "तू चित्रपट बघतोस की पुस्तकाची उजळणी करतोस?" तिथून अबोला.

आठवड्याने मी हे आमच्या इंग्रजीच्या सरांना सांगितले. सरांनी माझी बाजू घेतली नाही आणि त्याचीही नाही. त्यांनी जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'चे (१९७९) उदाहरण दिले. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', यांतून विजय तेंडुलकरांनी एक पटकथा उभी केली. "दोन पुस्तकांतले किती गेले असेल, विचार कर," सर म्हणाले, "काय गेले ते कादंबरी वाचलेल्याला कळते. काय आले ते पाहायला मात्र पुन्हा चित्रपटच पाहावा लागतो. तू तो चित्रपट परत पाहा, आणि या वेळी पुस्तक घरी ठेवून जा."

मी पाहिला. रूम-पार्टनरलाच बरोबर बसवून. पहिल्या दोन चित्रपटांत मुले गणवेशात नीट बसलेली असतात; इथे ती साध्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी भटकतात. हॅग्रिडची झोपडी सपाटीवरून उचलून स्कॉटलंडच्या डोंगरउतारावर नेलेली आहे, त्यामुळे माणसे लहान आणि आभाळ मोठे दिसते. ऋतू पालटतात ते एका झाडावरून कळते. मुले मोठी होत आहेत आणि काळ कुणासाठी थांबत नाही, हे एकही शब्द न बोलता सांगितलेले आहे. गाळलेली ती दोन वाक्ये मला अजूनही हवीच आहेत. त्यांच्याविना तळ्याकाठचा प्रसंग अपुरा राहतो असे माझे आजही मत आहे. पण या दिग्दर्शकाला पुस्तकच कळले नाही, हे माझे म्हणणे मी मागे घेतले.

मला वाटते, 'दिग्दर्शक कोण असावा?' असे चाहता विचारतो तेव्हा तो दुसरेच काही विचारत असतो : 'मी या पुस्तकात जे ठेवले आहे, ते कोण सांभाळील?' कुणी त्यात शाळेतले दिवस ठेवलेले असतात, कुणी मैत्री, कुणी आणखी काही. ते छापील पानावर नसतेच, तेव्हा कोणत्याही दिग्दर्शकाला ते दिसणार कसे? म्हणून हा वाद कधी संपणार नाही, आणि तो संपू नये. फक्त वाद घालताना समोरच्याला आधी एवढे विचारावे की, बाबा रे, तू ते पुस्तक कोणत्या वर्षी वाचलेस?

चित्रपट संपल्यावर मी रूम-पार्टनरला ते वर्ष सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आधी का नाही सांगितलेस?" आणि उठून चहा टाकायला गेला.