चरबीचे पांघरूण

थंड प्रदेशातील प्राण्यांच्या अंगावर दाट केस असतात, असे वर्गात सहज सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. केसांत अडकलेली हवा उष्णतेला रोखते. पण केस पाण्याने चिंब भिजले म्हणजे ती हवा राहत नाही. शिवाय पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता हिरावून नेते. तेथे कातडीखालील चरबीच कामी येते.

उत्तर अटलांटिक महासागरातील हार्प सीलचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. (सील हा मासा नव्हे, सस्तन प्राणी होय.) कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ फेब्रुवारीअखेर व मार्चमध्ये मादी समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर पिलास जन्म देते. पिलाचे वजन सुमारे ११ किलो. अंगावर पांढरी लव, पण चरबी जवळजवळ नाहीच. म्हशीच्या दुधात शेकडा सहा-सात भाग स्निग्धांश असतो. या दुधात तो शेकडा ४० च्याही वर जातो. दररोज दोन किलोंहून अधिक भर पडून सुमारे १२ दिवसांत पिलू ३५ किलोंच्या आसपास पोहोचते. मग आई निघून जाते व पिलू कित्येक आठवडे उपाशी राहते. त्या काळात चरबी हेच त्याचे कोठार. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते. पिठूळ पदार्थांच्या दुपटीहून अधिक. पांघरूणच थोडेथोडे खाऊन दिवस काढावयाचे, असा हा प्रकार आहे. चरबी साठण्यापूर्वीच बर्फ फुटला तर पिलू गार पाण्यात पडते आणि बहुधा दगावते. २०१० साली सेंट लॉरेन्सच्या आखातात बर्फ अतिशय थोडा होता. त्या वर्षी पुष्कळ पिले मेली.

चरबीचा थर स्वतःच गरम असतो, असा मुलांचा समज होण्याचा संभव आहे. तो पुढील प्रयोगाने दूर करावा. प्लॅस्टिकच्या एका पिशवीत थिजलेले वनस्पती तूप घालून आत दुसरी पिशवी बसवावी. तूप हातास गरम लागत नाही, हे आधी दाखवावे. मग मुलाने एक हात त्या आतल्या पिशवीत व दुसरा नुसत्या दुहेरी पिशवीत घालून दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात मिनिटभर धरावेत. पाणी पिशवीत शिरू देऊ नये. बोटांच्या बेचक्यांत तूप पातळ बसते, तेथे गारवा आधी जाणवतो. एखाद्या मुलाने हे आपण होऊन सांगितले, तर त्याचे कारण त्यालाच विचारावे.