खांबाच्या डोक्यावर काय?

खिशात एखादं नाणं असेल तर काढा पाहू. त्यावर सिंह दिसतात ना? ते एका खांबाच्या डोक्यावरचे सिंह आहेत! सम्राट अशोकानं इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात सारनाथला दगडी स्तंभ उभारला. त्याच्या माथ्यावर ते बसले होते. सिंह आहेत चार, दिसतात तीन; चौथा पाठीमागं. २६ जानेवारी १९५० रोजी ते आपलं राष्ट्रचिन्ह झाले. खांबाच्या अशा माथ्याला म्हणतात स्तंभशीर्ष.

"पण बाई, छताखालच्या खांबाला डोकं कशाला?" आमची वाळूजची मुलं वेरूळच्या सहलीला गेली होती, तेव्हा एकानं विचारलं. मी म्हटलं, "तुझी जाड वही एका बोटावर धर." वही डुगडुगली. "आता पाचही बोटं पसर." वही स्थिर! स्तंभशीर्षाचं मूळ काम हेच. जुन्या वाड्यात खांब आणि तुळई यांच्यामध्ये रुंद लाकडी तुकडा असतो, तोही याचसाठी.

लेण्यात मात्र खांब आणि छत एकाच कातळाचे. तिथं डोकं वर चढवलेलं नाही, कोरून काढलेलं आहे. वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्यात ते गोल उशीसारखं आहे, जणू डोंगराच्या भारानं दबलंय! २१ क्रमांकाच्या लेण्यात भरलेला घट आणि त्यातून ओसंडणारी पानं आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात तर कमालच. हरणांची शरीरं चार, डोकं एकच! कोणत्याही हरणाकडं पाहा, ते डोकं त्याचंच वाटतं.

कारागीर छताकडून खाली कोरत येत. खांबाचा माथा आधी मोकळा होई, पाय नंतर. हातात छिन्नी-हातोडा. एक घाव चुकला, तर उडालेला कपचा परत चिकटवता येत नसे.

हे सांगत असताना माझं लक्ष गेलं. आमच्याच एका मुलानं खिशातून खिळा काढला होता. खांबावर नाव लिहायचं होतं त्याला. मी काही बोलले नाही, नुसतं पाहिलं. त्यानं एकदा वर घटाकडं पाहिलं आणि खिळा परत खिशात टाकला.

ज्यांनी हे कोरलं, त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. मग आपलं नाव तिथं कशाला?

पुढच्या वेळी लेण्यात गेलात, की मूर्ती पाहाच. पण मान वर करून खांबाचं डोकंही पाहा. फक्त डोळ्यांनी बरं का!