भाग ३४ : सुकलेल्या पानासारखा शॅमेलिऑन पाळायचा तर…

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना घातलेला पसारा थोडा आवरलाय, बाकी सगळं तेच.

मागे मी माझ्या टेरेरियमचा व्हिडिओ टाकला होता. त्यावर मेसेज आले ते दोनच प्रकारचे. एक, "हे सुकलेलं पान आहे की प्राणी?" आणि दोन, "भारी आहे, मला पण पाहिजे!" पहिल्याचं उत्तर सोपं आहे : प्राणी. दुसऱ्यासाठी हा अख्खा भाग.

आहे तरी काय हा?

पिग्मी शॅमेलिऑन म्हणजे एकच जात नाही, आफ्रिकेतल्या अनेक छोट्या जातींना मिळून हे नाव आहे. माझ्याकडे आहे तो बिअर्डेड पिग्मी, शास्त्रीय नाव रीपेलिऑन ब्रेव्हिकॉडॅटस. हनुवटीखाली दाढीसारखे बारीक खवले असतात म्हणून बिअर्डेड. हा मूळचा टांझानियाचा, उसांबारा आणि उलुगुरू डोंगरांतल्या दमट जंगलांतला. पूर्ण वाढला तरी आपल्या बोटाएवढा, शेपटी आखूड. आपण "सरड्यासारखा रंग बदलतो" म्हणतो ना, तसले हिरवे-निळे खेळ इथे नाहीत. तपकिरीच्या छटा, अंगावर पानाच्या शिरांसारख्या रेघा, संपलं. धोका वाटला की हलत नाही, आणि हातात धरला तर अंगातून मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखी थरथर जाणवते. दिवसा पाचोळ्यात आणि खालच्या झुडपांत फिरतो, रात्री एखाद्या काडीवर चढून झोपतो.

ही एवढी माहिती नीट लक्षात ठेवली तरी त्याचं घर कसं हवं ते अर्धं कळतं.

माझी चूक

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, अगदी वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली. पहिल्या वर्षी एक जोडी आणली. पेटी मस्त सजवली, फोटो काढले. जुलैमध्ये उन्हाची लाट आली. इथे घरात एसी नसतो. मी सकाळी ऑफिसला गेलो, संध्याकाळी आलो तेव्हा खोलीत ३३ अंश होते. मादी तळाशी पडली होती, तोंड उघडं. गेली होती.

मला वाटायचं, आफ्रिकेतला प्राणी आहे, त्याला गरमीचं काय! पण डोंगरातल्या जंगलात, झाडांच्या सावलीत, जमिनीलगत कायम गारवा असतो. त्याला दिवसा २० ते २५ अंश पुरतात, रात्री आणखी उतरलं तर चांगलंच. २७-२८ च्या वर गेलं की जिवाशी खेळ सुरू. त्यामुळे मोठ्या शॅमेलिऑनला लावतात तसा गरम दिवा इथे सहसा लागतच नाही. आता उन्हाळा तापला की मी पेटी उचलून सरळ तळघरात नेतो.

घर कसं असावं

जोडीसाठी ४५ सेंटीमीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच काचेची पेटी घ्या. पूर्ण जाळीची नको, ओलावा टिकत नाही. पण समोर आणि वर हवा खेळती हवी, नाहीतर बुरशी येते. दोन नर एकत्र कधीच ठेवू नका.

तळाला पाणी निचरायला खड्यांचा थर, त्यावर जाळी, त्यावर कोकोपीट आणि मातीचं मिश्रण आठ-दहा सेंटीमीटर. मादी मातीत खड्डा करून अंडी घालते, म्हणून एवढी खोली लागते. सगळ्यात वर भरपूर पाचोळा. त्यात स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव सोडले की विष्ठा आणि बुरशी ते साफ करतात. वर लहान पानांची झाडं आणि बारीक काड्या. पेन्सिलीएवढी जाड काडी त्याच्या पायात मावत नाही. वरून सौम्य यूव्हीबी दिवा, दिवसाला १२ तास.

पाणी आणि खाणं

वाटीतलं पाणी तो सहसा पीत नाही, पानावरचे थेंब चाटतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ बारीक फवारा मारायचा आणि मधल्या वेळात थोडं सुकू द्यायचं. ओलावा ६० ते ८० टक्के. अंदाजपंचे नको, थर्मामीटर आणि हायग्रोमीटर दोन्ही लावा.

खाण्यात उडू न शकणाऱ्या फळमाशा आणि रातकिड्यांची अगदी छोटी पिल्लं. नियम एकच : किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, नाहीतर हाडं मऊ पडतात. आणि हात लावणं टाळा. हा बघायचा प्राणी आहे, खेळवायचा नाही.

आता जड भाग

बाजारात आलेले बरेच पिग्मी थेट जंगलातून पकडलेले असायचे. प्रवासात पाणी नाही, पोटात जंत, त्यामुळे घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मरायचे. २०१६ मध्ये टांझानियाने जिवंत वन्यप्राण्यांची निर्यात थांबवली, आणि त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या साइटीस परिषदेत या प्राण्यांचा व्यापार नियंत्रणाखाली आला. शेजारच्या मलावीत चॅपमन्स पिग्मी नावाची जात आहे. ती संपली असंच वाटत होतं, पण २०१६ मध्ये उरल्यासुरल्या जंगलाच्या तुकड्यांत पुन्हा सापडली. तिच्या जंगलाचा बहुतेक भाग तोडला गेलाय. म्हणून घ्यायचाच असेल तर पिंजऱ्यात जन्मलेलाच, कागदपत्रांसकट घ्या, आणि आल्या आल्या विष्ठा तपासून घ्या.

पुण्याच्या एका श्रोत्याने विचारलं, "दादा, इथे पाळता येईल का?" मित्रा, २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात साइटीसच्या यादीतले परदेशी प्राणीही आले. त्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आयातीला परवाने लागतात. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून अजिबात घेऊ नकोस. आणि एप्रिलमधल्या पुण्यात लोडशेडिंग झालं तर २५ अंश कुठून आणशील, तेही सांग!

त्यापेक्षा पावसाळ्यात गावाकडे जा. आपला घोयरा सरडा तिथे कुंपणावर डुलत डुलत चालताना दिसेल. विषारी समजून लोक त्याला मारतात, पण तो विषारी अजिबात नाही. कायद्याने तो संरक्षित आहे, तेव्हा पकडून घरी आणायचा नाही. लांबून फोटो काढा आणि कुणी काठी उचलली तर थांबवा.

माझा नर अजून आहे. आत्ता हे टाइप करताना काडीवर झोपलाय. शेजारी थर्मामीटर २२ दाखवतोय, आणि मी तो दिवसातून दहा वेळा तरी बघतो.

चला, भेटू पुढच्या भागात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा!